आमदारांचा चढा आवाज

पूर्वी आमच्या घरात कुणी जरा मोठ्यानं बोललं की मी स्वयंपाकघरातून विचारायची, "म्हणजे काम होणार नाही ना?" बाहेरच्या खोलीत फक्त यजमान हसायचे, बाकीच्यांना त्यातलं काही कळायचं नाही. आता मी तसं विचारत नाही. ओठावर आलं तरी गिळून टाकते.

यजमानांना मी आमदार म्हणते. माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती आणि 'अहो' म्हणायची मला लाज वाटायची, त्यामुळे निम्मा संसार 'ऐकलं का' वरच निघाला. मग ते निवडून आले आणि माझी सोय झाली. "आमदार, भाजी काय आणू?" "आमदार, पंखा बंद करा, बिल येतं." पुढे ते निवडणूक हरले, लोकांनी मागे 'माजी' जोडलं. मी मात्र जे म्हणत होते तेच म्हणते. चिडवायला लावलेली हाक होती, आता तिची सवय झाली आहे.

माझं माहेर बार्शीचं. वडिलांचं धान्याच्या बाजारात अडतीचं दुकान होतं आणि त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. भाव कोसळला तरी ते पान लावत बसायचे. तिथून मी सोलापूरच्या दक्षिणेला, वळसंगच्या पलीकडच्या एका गावात सून म्हणून आले. सासूबाई मुलांशी कानडीत बोलायच्या आणि माझ्याशी मराठीत. घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. पहिले काही महिने मला वाटायचं की इथं रोज भांडण होतं. मग कळलं की हे लोक भाकरी वाढ म्हणतानासुद्धा असेच बोलतात.

तो आवाज घेऊन हे गावच्या सोसायटीत गेले, तिथून पंचायत समितीत आणि शेवटी विधानसभेत. तिकीट मिळालं तेव्हा पक्षाच्या एका पुढाऱ्यानं म्हटलं होतं, "याला माईकचा खर्च नाही." निवडून आल्यावर आम्ही सोलापुरात राहायला आलो. घरापुढे पत्र्याची शेड टाकली, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि सकाळी उजाडलं की माणसं.

आमदाराचं काम म्हणजे काय, हे मला त्या शेडनं शिकवलं. मी आधी समजत होते की कायदे करतात, भाषणं करतात. कायदे करायला वर्षातले थोडे दिवस असतात. बाकी सगळं वर्ष आमदार फोन करतो. कुणाच्या पोराची बदली, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या शेतावरचा विजेचा डीपी जळालेला. आलेल्या माणसाला एकच गोष्ट हवी असते, आपल्या समोर फोन लागला पाहिजे. "साहेब, आत्ताच लावा की. आन जरा स्पीकरवर टाका." नंतर करतो म्हटलं की माणूस समजून जातो, आपलं काम झालं नाही आणि आपला मानही राहिला नाही.

पण एकाच जागेसाठी चार जण येतात. एकाच इंजिनिअरला सकाळी म्हणायचं याच्या वस्तीला रस्ता द्या आणि दुपारी म्हणायचं त्याच्या वस्तीला द्या. काही कामं नियमात बसत नाहीत, काही कामं करूच नयेत अशी असतात, आणि तोंडावर नाही म्हणणारा आमदार पुढच्या वेळी घरी बसतो. मग काय करायचं? आमदारांनी यावर जो मार्ग काढला तो त्यांनी ठरवून काढला नव्हता. तो आपोआप पडत गेला, जशी शेतातून पायवाट पडते.

ते ओरडायचे. फोन लागला की खुर्चीतून उठायचे, एक हात कमरेवर, "काय समजता काय स्वतःला? माझ्या माणसाला चार हेलपाटे? उद्या संध्याकाळपर्यंत काम झालं नाही तर मी स्वतः येतो तिथं!" पलीकडचा अधिकारी "हो साहेब, करतो साहेब" म्हणायचा. समोरचा माणूस फुलून जायचा. सगळी शेड फुलून जायची. फोन ठेवला की सगळ्यांना चहा.

आणि तो अधिकारीही तिकडे चहा प्यायचा. कारण त्याला ठाऊक असायचं की साहेब ओरडले म्हणजे समोर माणूस बसला आहे आणि विषय तिथंच संपला. खरं काम असलं की आमदार दुपारी आतल्या खोलीत यायचे, पलंगावर बसायचे आणि हळू आवाजात फोन करायचे. "जेवण झालं का? मुलगी बारावीला ना यंदा? बरं, ते अमुक गावच्या पाण्याच्या टाकीचं बघा जमलं तर." बघा जमलं तर, एवढंच. ते काम त्याच आठवड्यात व्हायचं. कुणी कुणाला हा नियम सांगितला नव्हता, पण जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांत तो पोहोचला होता. बदलून जाणारा अधिकारी येणाऱ्याला चार्ज देताना हेही सांगून जायचा, असं आम्हाला पुढे कळलं.

मला याची गंमत वाटायची, हे मी नाकारत नाही. जेवायला बसले आणि घसा बसलेला असला की मी म्हणायची, "आज कुणाकुणाची कामं नाही झाली?" ते बोटांवर मोजून दाखवायचे. आमच्या घरातला तो विनोद होता. एकदा मी विचारलं होतं, बिचाऱ्यांना वाईट नाही का वाटत फसवल्यासारखं? ते म्हणाले, "अगं, त्यांना अर्धं काम तिथंच झाल्यासारखं वाटतं. रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा बरं." तेव्हा मला ते पटलं होतं.

लोकांना तर ते ओरडणंच आवडायचं. पोरं मोबाईलवर शूटिंग करायची, स्टेटसला ठेवायची. 'आमदारांनी अधिकाऱ्याला झापलं.' गावोगावच्या कट्ट्यावर तेच. विधानसभेत हे काय बोलतात याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, आणि तिथं ते फारसं बोलतही नसत. एवढा दणकट आवाजाचा माणूस, पण सभागृहात उभा राहिला की कागदाकडे बघून पुटपुटल्यासारखा वाचायचा. वर बसलेले अध्यक्ष म्हणायचे, "सन्माननीय सदस्य, आवरतं घ्या." मी टीव्हीवर बघायची आणि मला रागही यायचा आणि कीवही. घरी आल्यावर म्हणायची, "शेडमधला थोडा आवाज तिकडे न्या की." ते म्हणायचे, "तिकडं सगळे माझ्यासारखेच आहेत."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते.

यांची धाकटी बहीण, माझी नणंद, आणखी दक्षिणेला, अक्कलकोटच्या बाजूला दिलेली. तिची मोठी मुलगी हुशार. आमच्या दोन्ही घरांत सायन्सला गेलेली ती पहिली मुलगी. बारावी झाल्यावर सोलापुरातल्या कॉलेजात तिला बी.एस्सी.ला घातलं. तिचे अप्पा, म्हणजे वडील, आमचे दाजी, वाईट माणूस नव्हे, पण भित्रा. त्यांची अट एकच, "सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं घरी." गावातून सकाळी एक एसटी निघायची, तिच्यात कॉलेजच्या मुलीच जास्त. पोरांना मोटारसायकली असतात. मुलींना ती गाडीच होती.

भाची आठवड्यातून एकदोनदा दुपारी आमच्याकडे जेवायला यायची. मला ती प्रयोगशाळेतलं सांगायची. मी बाहेरून बी.ए. केलेली बाई, मला त्यातलं काय कळणार? पण ती सांगायची तेव्हा मी ऐकत बसायची. कुठलं तरी मीठ ज्योतीवर धरलं की ज्योत हिरवी होते. "मामी, तांबं असलं की हिरवं. डोळ्यानं बघितल्याशिवाय खरं वाटत नाय." शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाताखाता हाताची बोटं नाचवत ती बोलायची. तिच्या बोटांवर कसले तरी पिवळे डाग असायचे आणि ते ती मुद्दाम घासून काढत नसे. मला मुलगी नाही. त्या दुपारी माझ्या फार आवडीच्या होत्या.

पहिल्या वर्षाच्या मध्यावर डेपोनं ती सकाळची गाडी बंद केली. गाडी परवडत नाही, रस्ता खराब, गाड्या कमी. गावातून मग उरलं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपगाड्या. दाजींनी सांगितलं, माझी लेक वडापनं जाणार नाही.

एका सकाळी नणंद आणि भाची आमच्याकडे आल्या. कशा आल्या तर वडापनंच, दाजी बाजाराला गेले होते. शेड भरलेली होती. घरची माणसं असली तर आत बोलवायची पद्धत, पण नणंद दारातच भावासमोर उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. "अण्णा, सकाळची गाडी बंद केली बघा. पोरीचं कालेज बंद पडलंय. ह्यांनी तर सोयरीक बघायलाच घेतलीया. मी म्हनते..."

तिचं पुढचं बोलणं राहून गेलं. आमदार ताडकन उठले. मी आतून चहाचा ट्रे घेऊन येत होते, मला त्यांचा चेहरा दिसला. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते, त्यांचा खोटा राग आणि खरा राग ते पाठमोरे असले तरी मला कळतो. खऱ्या रागात ते कानडी बोलतात. त्यांनी डेपोच्या मोठ्या साहेबांना फोन लावला आणि जसं बोलायला सुरुवात केली तसं मी त्या शेडमध्ये कधी ऐकलं नव्हतं. "गाडी परवडत नाही? मुलींचं शिक्षण परवडत नाही तुम्हाला? उद्या सकाळी गाडी सुटली पाहिजे. आमची पोरगी आहे ती! नम्म हुडुगी! साकु, मला कारणं नकोत!" नम्म हुडुगी म्हणजे आमची पोर, आणि साकु म्हणजे पुरे. हे शब्द सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेडमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शूटिंग केलं होतंच. नणंदेनं डोळे पुसले. भाची हसली. मी मनात म्हटलं, झालं काम. यांचा राग खरा आहे, म्हणजे काम होणार. माझ्या जिवात जीव आला.

पण पलीकडचा साहेब नवा होता, नागपूरकडून बदलून आलेला. त्याला कानडी कुठलं यायला? त्याला एवढंच कळलं की आमदार ओरडतायत. आणि आमदार ओरडले की काय समजायचं, हे त्याला आधीच्या साहेबानं नीट सांगून ठेवलं होतं.

हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनाही नाही. इतकी वर्षं ज्या नियमावर जिल्हा चालवला तो नियम त्या दिवशी आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. घरचं दुखणं होतं ना, ते घरच्यासारखंच ओरडले.

गाडी आली नाही. आठवडा गेला. नणंदेचा फोन आला, यांनी पुन्हा फोन लावला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. "हो साहेब, लावतो साहेब." पुन्हा काही नाही. मग नागपूरचं अधिवेशन लागलं आणि हे तिकडे गेले. तिथून एकदा ओरडले. भाची रोज सकाळी वेळेवर आवरून थांब्यावर जाऊन उभी राहते, असं नणंद सांगायची. मामा बोललाय म्हणून. गावातल्या बाकीच्या मुली हळूहळू यायच्या बंद झाल्या, ही जात राहिली. मग दाजींनी तेही बंद केलं.

अधिवेशन संपवून आमदार परत आले तेव्हा माढ्याकडचं स्थळ ठरलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. आमदार दाजींशी भांडायला निघाले होते, मीच अडवलं. सुपारी फुटली होती. दिलेला शब्द मोडून त्या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आमदाराच्या भाचीचं लग्न म्हटल्यावर साऱ्या जिल्ह्याची माणसं आली. आमच्याकडच्या लग्नात अक्षतेच्या आधी माईकवर पाहुण्यांची नावं घेत बसतात, मग पुढाऱ्यांचे आशीर्वाद, नवरानवरी घामानं भिजून जातात. आम्ही दोघं मांडवाच्या तोंडाशी येणाऱ्यांना हात जोडत उभे होतो. तेव्हा तो डेपोचा साहेब आला. चाळिशीचा, सरळ माणूस. नाश्त्याच्या मांडवात त्याला कुणीतरी नवरीविषयी सांगितलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला होता. हातातला आहेर माझ्याकडे देताना तो आमदारांना म्हणाला, "साहेब, ती सकाळची गाडी, ती या मुलीसाठी पाहिजे होती काय?"

आमदार म्हणाले, "हो. तीनदा फोन केला तुम्हाला."

"केला जी," तो म्हणाला. "पण तुम्ही इतके रागावले होते ना, मी म्हटलं समोर माणसं बसली असतील. मला चार्ज देतानाच सांगितलं होतं, साहेब ओरडले की मनावर घ्यायचं नाही. तुम्ही एकदा हळू बोलले असते तर दोन दिवसांत गाडी लावली असती मी." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं कान धरले. त्याचं काय चुकलं होतं? त्यानं आमचाच नियम पाळला होता.

तेवढ्यात माईकवर नाव पुकारलं. आमदार साहेबांनी वधूवरांना दोन शब्द आशीर्वाद द्यावेत. ते स्टेजवर गेले. माईक हातात धरला आणि बोलले, पण काय बोलले ते माझ्यापर्यंतही आलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, मोठ्यानं! आवाज यीना की!" लोक हसले. त्यांना वाटलं मामा आहे, गहिवरला असेल. त्यांनी माईक परत दिला. मग मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं असं पुकारलं. आमच्याकडे मामानंच नवरीला मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. ते उभे राहिले. मी समोर होते. अक्षता पडत होत्या आणि तो माणूस नवरीच्या मागे मान खाली घालून उभा होता. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा ते कळत नव्हतं, आणि त्याच वेळी त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावंसंही वाटत होतं.

त्या आठवड्यात एका दुपारी आतल्या खोलीत पलंगावर बसून त्यांनी डेपोला फोन केला. जेवण झालं का, विचारलं. मग म्हणाले, "ती गाडी बघा जमलं तर." गाडी सुरू झाली. आजही ती सकाळी मुलींनी भरून येते, असं ऐकते. गाडीला हार घालायला गावातले दुसरेच लोक पुढे होते, कारण आमदारांचा फोन कुणी ऐकलाच नव्हता. विरोधकांनी सांगितलं की आमच्या निवेदनामुळे गाडी आली.

त्या लग्नानंतर आमदार शेडमध्ये कधीच ओरडले नाहीत. होणारं काम असेल तर म्हणायचे, बघतो. न होणारं असेल तर सांगायचे, "हे होणार नाही, उगाच हेलपाटे मारू नका." मला वाटलं लोक यावर खूष होतील. मी अगदी भोळी. लोक म्हणायला लागले, साहेब बदलले, त्यांना आता आपली पडलेली नाही. पूर्वी कसे अधिकाऱ्याला फाडून खायचे! सकाळच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्यासाठीच पडले असं मी म्हणत नाही. पक्षात फाटाफूट होती, समोरचा उमेदवार तरुण होता, वाराही फिरला होता. पण प्रचारात एका म्हातारबाबानं यांचा हात धरून म्हटलेलं माझ्या कानात आहे, "एकदा पहिल्यागत बोला की साहेब, बरं वाटंल." हे नुसते हसले.

गेल्या वर्षी बार्शीला माझ्या भावाकडे कार्य होतं. परतताना आमदार म्हणाले, वाट वाकडी करून भाचीकडे जाऊ. ती आता एका मुलाची आई आहे. सासरचे लोक मायाळू, ऊसवाले, घर मोठं. आम्ही गेल्यावर त्यांनी शेजारची माणसं बोलावली, आमदार आले म्हणून. माजी आमदार म्हटलं तरी खेड्यात खुर्ची पुसून देतात. चहा झाला, पोहे झाले. भाचीच्या नवऱ्यानं मोबाईल काढला आणि सगळ्यांना ते शूटिंग दाखवायला लागला. शेड, यांचा कमरेवरचा हात, तो आवाज. नम्म हुडुगी! भाचीनं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. ती सासूला सांगत होती, "माझा मामा माझ्यासाठी कसा भांडला बघा. आक्ख्या डेपोला हलवलं. गाडी आली न्हाय तो भाग येगळा." सासूनं आमदारांकडे कौतुकानं बघितलं.

पाहुणे गेले, सासू मळ्याकडे गेली. आम्ही तिघंच उरलो, आणि भाचीच्या मांडीवर झोपाळलेलं पोर. आमदार पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसले होते, पाणी पीत नव्हते. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. ओरडलं की काम होत नसे, हे. डेपोच्या साहेबाला काय वाटलं, हे. हळू आवाजात एक वाक्य बोललो असतो तर तू शिकली असतीस, हे सुद्धा. मी त्यांना थांबवणार होते. कशाला तिच्या जवळचं एवढंही काढून घ्यायचं, असं मला वाटत होतं. पण ते सांगत गेले.

ती रडली नाही. मला वाटलं ती चिडेल, तशी चिडलीही नाही. पोराच्या कपाळावरचे केस तिनं मागे सारले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामी, त्या दिवशी आमी गाडीसाठी आलोच न्हवतो. मी पिशवीत कापडं भरून आणलेली. पुस्तकं पण. आई म्हणणार होती, हिला हितंच ठेवून घ्या, कालेज हुईस्तवर. अप्पांना न इचारता आलेलो. एकदा तुमच्या घरात ऱ्हायले असते तर त्यांनी काय मला वढून नेलं नसतं. आमदाराच्या घरातनं कोण नेतंय?"

आमचा मुलगा पुण्याला गेला तेव्हापासून वरची खोली रिकामी होती. सत्कारात मिळालेल्या शाली आणि फ्रेमा तिथं रचून ठेवलेल्या असायच्या. मी एका तासात ती खोली मोकळी केली असती. मी नाही म्हटलं असतं का? मी तर तिची वाट बघत असायची.

आमदारांनी तांब्या खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस पोरी?" ते म्हणाले. "आईनं तरी म्हणायचं. मी कुठं नको म्हणणार होतो?"

"म्हणतच हुती की आई," ती म्हणाली. "तुमी फोन लावला."